सरळ कडेची सावली

मॅडमबरोबर काम केलेल्या कुठल्याही माणसाला त्यांच्याबद्दल विचारा, तो आधी एक सुस्कारा सोडतो. मीही सोडतो. एका अंधाऱ्या, गारठलेल्या खोलीत शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून आम्ही कित्येक वर्षं लोकांचे सीटी स्कॅन आणि एमआरआय वाचले. आमचं रुग्णालय पुण्यात भर वस्तीत. सगळ्या तऱ्हेचे रुग्ण येतात, पण कर्करोगाचे जास्त. मॅडम रेडिओलॉजी विभागाच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा. हाताखालचा म्हणजे त्यांनी अडवून ठेवलेलं काम निस्तरणारा.

त्या कामं अडवायच्या कशासाठी, तर जुन्या फोटोंसाठी. रुग्ण बाहेर बाकावर बसलेला, त्याचा स्कॅन पडद्यावर उघडलेला, नातेवाईक काचेतून आत डोकावतायत, आणि मॅडम रिपोर्ट लिहायला तयार नाहीत. कारण त्या माणसाने मागे कधीतरी काढलेला एक्स-रे घरी माळ्यावर पडलाय, असं त्याच्या बायकोच्या बोलण्यात आलं होतं. मॅडम त्या बाईला घरी पाठवायच्या. ती शेजारच्या पेठेतली असो की शहराच्या पार त्या टोकाच्या खराडीची.

लोक चिडायचे. फोटो आज काढलाय तर आजचाच रिपोर्ट द्या, एवढं साधं त्यांचं म्हणणं. त्यावर मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं. "आपण मला आज पहिल्यांदा भेटताय. आपण जाड झालात की बारीक, हे मी कशावरून सांगू?"

मग लोक काय काय घेऊन यायचे. कॅलेंडरसारख्या गुंडाळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या फिल्म. ग्रहण बघायला कोपरा कापून घेतलेली फिल्म. कुठल्याच कॉम्प्युटरवर न उघडणाऱ्या सीड्या. एकाने गडबडीत बहिणीच्या लग्नाची सीडी आणली. मॅडमनी ती लावली, थोडा वेळ शांतपणे बघितली, आणि "यातही आधीचं काही दिसत नाही" म्हणून परत दिली. तोपर्यंत बाहेर रांग दारापर्यंत गेलेली असायची आणि तिला तोंड देत असायचो मी.

त्या सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. सफाईच्या मावशींना, वॉर्डबॉयला, नुकत्याच आलेल्या शिकाऊ डॉक्टरलाही. पण अहोवरून गाडी 'आपण'वर गेली की समजायचं, आज काही खरं नाही. "आपण हा स्कॅन पाहिलात की नुसता उघडलात?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही एखादा स्कॅन घाईने बंद करताना मान आपोआप उजवीकडे वळते. उजवीकडे त्यांची खुर्ची असायची.

मशीनसाठी आमच्या खोलीत एसी सतत चालू ठेवावा लागतो. त्यामुळे मॅडम भर मे महिन्यात कानटोपी आणि लोकरीचे मोजे घालून बसायच्या. अंधारात मोसंबी सोलायच्या. त्यांच्या कीबोर्डवर माझं बोट पडलं की चिकटायचं. रिपोर्टच्या शेवटी आम्ही सगळेच एक वाक्य टाकतो, की बाकीच्या तपासण्यांशी पडताळून पाहावं. मॅडम ते वाक्य दिसलं की खोडायच्या. त्याचा अर्थ, त्यांच्या मते, 'मला कळलं नाही, तुमचं तुम्ही बघा' एवढाच होता. कळलं नसेल तर तसं लिहा, म्हणायच्या. तसं कोण लिहितं? मी तरी लिहीत नव्हतो.

व्यवस्थापनाला त्यांचं काय करावं हे कधीच समजलं नाही. खराडीच्या एका कंपनीने आपल्या लोकांसाठी आमच्याकडे तपासणीचं पॅकेज घेतलं होतं आणि त्यात छातीचा सीटी स्कॅन होता. पहिल्याच दिवशी एक तरणाताठा मुलगा आला. मॅडमनी त्याला आत बोलावून काय होतंय विचारलं. काही होत नव्हतं. सिगरेट? नाही. घरात कुणाला काही? नाही. मॅडम म्हणाल्या, मग घरी जा.

मुलगा गोंधळला. "पण मॅम, पॅकेजमध्ये इन्क्लुडेड आहे. ऑलरेडी पेड आहे."

"लग्नाच्या पॅकेजमध्ये घोडाही असतो," मॅडम म्हणाल्या. "बसलंच पाहिजे असं नाही."

मग त्याला त्यांनी शांतपणे समजावलं, की हे किरण म्हणजे कोवळं ऊन नव्हे. गरज असेल तेव्हा ते जीव वाचवतात. गरज नसताना ते अंगात घ्यायचे नाहीत, थोडेसुद्धा नाहीत. मुलगा खूश होऊन गेला आणि त्याने बाकीच्यांनाही सांगितलं. पॅकेज बारगळलं. वरच्या मजल्यावर बोलावणं आलं ते मला, कारण मॅडमना बोलावण्यात अर्थ नसतो हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं.

वर आणखी एक म्हणजे आम्ही दोघंही कोथरूडला राहायचो. मॅडमनी गाडी कधी घेतली नाही. सकाळी त्या बसने यायच्या, संध्याकाळी माझ्या गाडीत बसायच्या, आणि घर येईपर्यंत मी गाडी कशी चालवतो यावर बोलायच्या. माझ्या बायकोने एकदा विचारलं होतं, की तू नोकरी बदलत का नाहीस. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला पटलं नसतं. उत्तर इनामदार हे होतं.

इनामदार बिबवेवाडीत राहायचे. तिथेच त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. वडिलांनी सुरू केलेलं, आता हे आणि यांचा मुलगा चालवत होते. फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी त्यांचे किरणोपचार पूर्ण झाले होते आणि माणूस पुन्हा दुकानात बसायला लागला होता. काही महिन्यांनी त्यांना खोकला सुरू झाला. स्कॅन काढला, तर गाठ होती त्याच जागी घट्ट पांढरी सावली. रोग असेल तिथे उजळणारा पेट स्कॅन काढला, त्यातही ती जागा उजळली. आमच्या कर्करोगतज्ज्ञांनी रोग उलटला असं धरून केमोथेरपीची तयारी सुरू केली. इनामदारांच्या बायकोने बाहेर बाकावर बसून पदराने तोंड झाकून घेतलं होतं. त्यांचा मुलगा माझ्याकडे येऊन हळू आवाजात विचारून गेला, की अब्बांना आत्ता सांगायचं की घरी गेल्यावर.

मॅडमनी तो स्कॅन बराच वेळ पाहिला आणि रिपोर्ट न लिहिता उठून निघून गेल्या. थोड्या वेळाने तळघरातून मला फोन आला, की खाली या.

किरणोपचार विभाग तळघरात आहे. किरण नेमके कुठून, कोणत्या कोनातून आणि किती द्यायचे याची आखणी करणारा आमचा फिजिसिस्ट तिथे बसतो. मॅडम जिन्यात दिसल्या की तो चहाला निघून जायचा. त्या दिवशी त्याला निसटता आलं नव्हतं. त्याच्या पडद्यावर इनामदारांच्या उपचारांची आखणी उघडलेली होती. छातीचं चित्र आणि त्यावर रंगीत रेघांनी दाखवलेले किरणांचे झोत. शेजारच्या पडद्यावर मॅडमनी नवा स्कॅन लावला होता.

"ही कड बघा," त्या मला म्हणाल्या. "फुफ्फुसाच्या कप्प्याची इथे नैसर्गिक सीमा आहे का?"

मी म्हणालो, नाही.

"रोग कधी पट्टी लावून वाढतो का?"

मी पुन्हा नाही म्हणालो. त्या सावलीची एक बाजू खरोखरच सरळ होती, आणि झोताची कड जिथून गेली होती बरोबर तिथूनच ती जात होती.

"सरळ रेघ माणूस ओढतो. हे रोगाने केलेलं नाही, आपल्या किरणांनी केलंय. भाजल्यावर कातडी आकसते, तसं आत आकसलंय. यांना केमो देऊ नका. सूज उतरायचं औषध द्या आणि थांबा."

कर्करोगतज्ज्ञ थांबायला तयार नव्हते. त्यांचंही चूक नव्हतं. थांबायचं आणि रोग निघाला, तर तेवढे दिवस गेले ते गेले. व्हरांड्यात मॅडमचं आणि त्यांचं चांगलंच वाजलं. शेवटी इनामदारांनाच विचारलं गेलं. ते म्हणाले, मॅडम इतकं भांडतायत तर थांबू या. औषधाने खोकला गेला. पुढच्या स्कॅनमध्ये सावली आकसून एवढीशी झाली. इनामदार दुकानात बसायला लागले. त्यांनी मॅडमसाठी स्वतः चष्मा बनवून आणला. मॅडमनी तो तिथल्या तिथे लावला आणि नाकावर टोचतोय म्हणून सांगितलं. मग रोज तोच वापरला.

आमच्या विभागात त्यानंतर 'सरळ रेघ' हा परवलीचा शब्द झाला. दर नव्या तुकडीला इनामदारांचा स्कॅन दाखवला जायचा. मीही दाखवायचो. मॅडम स्वतः त्याबद्दल फारसं बोलायच्या नाहीत, पण शिकाऊ डॉक्टर सरळ कड बरोबर ओळखायला लागले याचं त्यांना समाधान होतं, हे दिसायचं. आक्कांच्या स्कॅनची गोष्ट यानंतरची.

आक्का खराडीच्या. आयटीवाल्यांच्या इमारती उभ्या राहायच्या आधी जी खराडी होती, तिथल्या. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं, मग छातीला किरणोपचार. आक्का त्याला लाइट म्हणायच्या. "लाइट घेतल्यापून दम लागतोय," असं त्यांनी मॅडमना सांगितलं. नंतरच्या स्कॅनमध्ये छातीच्या पुढच्या बाजूला, किरण जिथून गेले त्याखाली, फुफ्फुसात एक सावली आली होती. कड सरळ. मॅडमनी रिपोर्ट दिला की हा किरणोपचारांचा व्रण आहे, काळजीचं कारण नाही, नेहमीच्या वेळी पुढचा स्कॅन करावा. मी त्या आठवड्यात सासुरवाडीला एका लग्नाला गेलो होतो.

काही महिन्यांनी पुढचा स्कॅन आला तो माझ्या पडद्यावर. सावली वाढली होती. आता कुठल्याच बाजूला सरळ रेघ राहिली नव्हती. मी खुर्ची थोडी बाजूला घेतली आणि मॅडमना बघू दिलं.

त्यांनी जुना स्कॅन शेजारी उघडला. मोसंबीची फोड हातातच राहिली. जुन्या स्कॅनवर त्या सरळ कडेला एका जागी, अगदी थोडासा, बाहेरच्या बाजूला फुगवटा होता. मॅडमनी तिथे बोट ठेवलं.

"हे मला दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "दिसलं नाही असं नाही. दिसलं आणि मी सोडलं."

मी म्हणालो की इतक्या बारीक फुगवट्यावरून कुणीच काही म्हटलं नसतं. त्या म्हणाल्या, "आपण माझी समजूत काढू नका. आपल्याला ते नीट जमत नाही."

रिपोर्ट त्यांनी स्वतः लिहिला. त्यात नव्या स्कॅनबरोबर जुन्या स्कॅनचाही उल्लेख केला, की ही वाढ तेव्हाच दिसत होती आणि ती व्रण म्हणून सोडून दिली गेली. तो रिपोर्ट वर पोचायच्या आत बातमी पोचली. आमच्या अधीक्षकांनी दोघांना बोलावलं. त्यांचं म्हणणं असं, की पेशंटशी कर्करोगतज्ज्ञ बोलतील, रोग परत आलाय एवढंच सांगतील, आणि उपचार लगेच सुरू होतील. तेव्हा मॅडमनी स्वतः काही बोलू नये. 'चूक' हा शब्द तर कुणीच काढू नये. वकिलांचाही तोच सल्ला होता. मॅडम "बरं" म्हणाल्या. इतक्या सहज त्या बरं म्हणाल्या की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्या दिवशी शनिवार होता आणि आम्ही दुपारीच सुटलो. घरी माझी मुलगी वाट बघत होती, तिला सायकल घ्यायला जायचं होतं. गाडी फाटकाबाहेर आली तशा मॅडम म्हणाल्या, डावीकडे घ्या. आमचं घर उजवीकडे. मला वाटलं त्यांना काही घ्यायचं असेल. मग म्हणाल्या सरळ चला, मग म्हणाल्या पुलावरून घ्या, आणि खराडीकडे जाणारा नगर रस्ता लागला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी गाडी कडेला घेतली. म्हणालो, "मॅडम, आपल्याला स्पष्ट सांगितलंय, जायचं नाही."

"जायचं नाही असं सांगितलेलं नाही. बोलायचं नाही असं सांगितलंय."

"मग तिथे जाऊन काय करणार?"

"बोलणार," त्या म्हणाल्या. "आपण बाहेर थांबा. आपलं नाव यात कुठे नाही." आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. भर शहरातून पुण्याच्या त्या टोकापर्यंत, शनिवारच्या गर्दीत, मी धुमसत गाडी चालवली. मुलीला फोन करून उद्या जाऊ म्हटलं. ती रडली.

आक्कांचं घर म्हणजे दुमजली बंगला. मागे काचेच्या उंच इमारती, आणि बंगल्याच्या बाजूला पत्र्याखाली दोन म्हशी बांधलेल्या. मी बाहेर थांबलो नाही. राहवलं नाही मला. आक्का पुढच्या खोलीत जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. त्यांचा मुलगा संतोष सोफ्यावर होता. रोग परत आल्याचं कर्करोगतज्ज्ञांनी त्यांना तासाभरापूर्वी फोनवर सांगितलं होतं. मॅडमना दारात बघून आक्का उठायला लागल्या, चहा टाकते म्हणाल्या.

मॅडम बसल्या नाहीत. "चहा नंतर. आधी माझं ऐका, मग द्यावासा वाटला तर द्या."

आणि त्यांनी सांगितलं. आडवळण नाही, डॉक्टरी शब्द नाहीत. मागच्या वेळच्या फोटोत ही गाठ होती. मला ती दिसली. मी तिला लाइटचा व्रण समजले. मी चुकले. तेव्हाच ओळखलं असतं तर उपचार तेव्हाच सुरू झाले असते. हे तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगायला आले.

संतोष उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तो म्हणाला, म्हणजे तुमच्यामुळं हे झालं. मॅडम म्हणाल्या, रोग माझ्यामुळे झाला नाही, उशीर माझ्यामुळे झाला. तो म्हणाला, मी तक्रार करणार. मॅडम म्हणाल्या, कराच, आणि माझं नाव नीट लिहा, बरेच जण आडनाव चुकवतात. माझ्या मनात आलं, निदान आत्ता तरी या बाईने गप्प बसावं.

आक्का इतका वेळ मेथीच्या काड्या हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी मुलाला हाताने खाली बसवलं.

"केवढी व्हती तवा?" त्यांनी विचारलं.

"हरभऱ्याएवढी."

"आन् आता?"

"सुपारीएवढी."

"उपाय हाय का?"

"आहे. पूर्ण बरं करील का, ते मला सांगता येत नाही. आवरून धरील. आधी सुरू केला असता तर किती फरक पडला असता तेही नक्की सांगता येत नाही. पडला असता एवढं मात्र मला वाटतं."

आक्कांनी मेथीच्या काड्या खाली ठेवल्या. "तुमी तर म्हणं लई मोठ्या डाक्टर. मंग सोडलं कसं?"

मॅडमनी नाकावरचा इनामदारांचा चष्मा काढला. मग म्हणाल्या, "त्याच्या आधी एकदा मी अगदी बरोबर ठरले होते. सगळे एका बाजूला आणि मी एका बाजूला. तसंच हेही वाटलं."

आक्कांनी मान हलवली. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि तसा अर्थही त्यात नव्हता. त्या उठून आत गेल्या, चहा झाला, आम्ही तो प्यायलो. संतोषने कप उचलला नाही. परतताना चांदणी चौकाकडे जाणारा रस्ता आला तेव्हा मॅडमनी पहिल्यांदा माझ्या गाडी चालवण्यात लक्ष घातलं. म्हणाल्या, "सिग्नल हिरवा झालाय."

संतोषने तक्रार केली. चौकशी झाली, अधीक्षक चिडले, वकील त्याहून चिडले. मॅडमनी सगळं कबूल केल्यामुळे चौकशी समितीला काही कामच उरलं नाही. निकाल असा लागला, की यापुढे कर्करोगाच्या प्रत्येक स्कॅनवर मॅडमच्या सहीबरोबर दुसऱ्या डॉक्टरची सही हवी. दुसरा डॉक्टर म्हणजे मी. चूक त्यांची आणि दुप्पट काम मला.

बरं, सही करून मोकळं होता येईल असंही नाही. मी त्यांचा रिपोर्ट वाचून मान डोलावली की त्या विचारायच्या, "आपण स्कॅन पाहिलात की माझा रिपोर्ट पाहिलात?" माझं मत मी आधी वेगळं लिहायचं, मग दोन्ही जुळवायची, असा त्यांनी नियम केला. व्यवस्थापनाने तेव्हा गाठी शोधणारं नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. ते संशयाच्या जागी लाल वर्तुळ काढायचं. मॅडमनी त्यालाही हाच नियम लावला. आधी माणसाने बघायचं, मग वर्तुळ उघडायचं. आधी वर्तुळ बघितलं की तेवढंच दिसतं, म्हणायच्या. तंत्रज्ञ कुरकुरायचे, मी तर कुरकुरतच होतो. पण त्या काळात आमच्या दोघांच्या रिपोर्टमध्ये फरक पडला असे स्कॅन निघाले, आणि काही वेळा माझं बरोबर होतं. मॅडम तेव्हा "हं" म्हणायच्या. त्यांच्याकडून एवढंच मिळायचं.

उपचार सुरू झाल्यावर आक्का दर काही महिन्यांनी स्कॅनला यायला लागल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हाच त्यांनी सांगितलं, माझा फोटो मॅडमच बघणार. मॅडम स्वतः बाहेर आल्या. म्हणाल्या, तुमच्या वेळी मी चुकले होते, तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, हे आहेत ना. हे म्हणजे मी. आक्कांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ह्ये अजून चुकायचेत," त्या म्हणाल्या. "तुमी चुकून बसलाय. आता माझ्या फोटूकडं तुमच्याइतकं नीट कोण बघंल?"

मॅडम त्यांची फाइल घेऊन आत गेल्या. मला यावर उत्तर सुचलं होतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. गाठ औषधांनी हळूहळू आकसत गेली. संतोष आईला गाडीतून आणायचा आणि खाली गाडीतच बसून राहायचा. तो मॅडमशी पुन्हा बोलला नाही. अजूनही बोलत नाही.

मग मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलले आणि त्यांनी भाषणात रिपोर्टची अक्षरं फार बारीक छापली जातात याबद्दल तक्रार केली. खोली माझी झाली. एसी मी कमी केला. कीबोर्ड नवा मागवला. पहिल्या आठवड्यात खरोखरच हलकं वाटत होतं.

पुढच्या खेपेला आक्का आल्या. स्कॅन झाला. जुनी गाठ होती तेवढीच होती, पण दुसऱ्या बाजूच्या फुफ्फुसात एक बारीक ठिपका दिसत होता. आधी नव्हता. मी बराच वेळ बघितलं. रोग असू शकतो, साध्या संसर्गाचा डागही असू शकतो. बाकीच्या तपासण्यांशी पडताळून पाहावं, असं माझं वाक्य तयार होतं. तेवढ्यात मावशी सांगत आल्या, की खराडीच्या आक्का म्हणतायत मॅडमना बोलवा, त्याशिवाय मी घरी जात नाही.

मी त्यांना समजावलं की मॅडम आता इथे नसतात. त्या बाकावरून हलल्या नाहीत. शेवटी मी फोन केला. उन्हाची वेळ होती. मॅडम कोथरूडहून बसने आल्या, घाम पुसत माझ्या खुर्चीत बसल्या, खुर्ची उंच केली, पडदा मला डोळ्यांना त्रास होईल इतका उजळ केला, आणि बघायला लागल्या. मी माझं मत वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं होतं. तो कागद त्यांनी उघडला नाही.

त्या उठून बाहेर गेल्या. मीही मागोमाग गेलो. आक्कांशेजारी बाकावर बसून त्या म्हणाल्या, "एक बारीक ठिपका आहे. नवा आहे. रोगही असेल, साधा डागही असेल. मला आज सांगता येत नाही."

"तुमाला बी नाय?"

"मला बी नाही."

"मंग?"

"काही आठवडे थांबायचं आणि परत बघायचं. सुई घालून तुकडा काढता येतो, पण ठिपका इतका बारीक आहे की सुईचा नेम चुकेल आणि तुम्हाला त्रास तेवढा होईल. थांबायचं का, ते तुम्ही ठरवा. मागच्या वेळी थांबण्याने काय झालं ते तुम्हाला माहीत आहे."

समोरून स्ट्रेचर गेलं, त्याला आक्कांनी पाय आत घेऊन वाट दिली. मग म्हणाल्या, "थांबते. पर परत बघाया तुमीच यायचं."

"मी आता इथे नोकरीला नाही, आक्का."

"म्या तरी कुठं हितं नोकरीला हाय?"

मॅडम हसल्या. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. मी आत जाऊन माझ्या कागदावरचं वाक्य खोडलं आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, की या ठिपक्याचं स्वरूप आज निश्चित सांगता येत नाही. लिहायला वेळ लागला नाही. ते वाचून कर्करोगतज्ज्ञांचा फोन येणार हे माहीत होतं, आणि तो आलाच. तासाभराने मी जेवायला निघालो तरी त्या दोघी बाकावरच बसून म्हशींच्या दुधाबद्दल बोलत होत्या, आणि रांगेतल्या दोन जणांना त्यांच्यामुळे उभं राहावं लागलं होतं.

परत स्कॅन झाला तेव्हा तो ठिपका नाहीसा झाला होता. साधा डागच होता तो. आक्कांनी घरून खरवस आणला होता. मॅडमनी तो खाल्ला आणि वेलदोडा जास्त झालाय म्हणाल्या.

हे सगळं आता असंच चालू आहे. आक्का औषधांवर आहेत, ठीक आहेत. स्कॅनची तारीख त्या दोघी फोनवर परस्पर ठरवतात. आमच्या नोंदणीच्या खिडकीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. मला फक्त कळवलं जातं. गेल्या आठवड्यात मॅडमचा फोन आला, की पुढच्या महिन्यात अमुक दिवशी आक्का येतायत. मी सांगितलं, त्या दिवशी मी नाही, आम्ही सगळे कोकणात जातोय, रजा मंजूर झालीय, बुकिंगही झालंय.

मॅडम म्हणाल्या, "मग दुसरी सही कोण करणार?"

ती दुसऱ्या सहीची अट त्यांच्या नोकरीबरोबरच संपली, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. मी रजा पुढे ढकलली. बायकोला अजून सांगितलेलं नाही.